वॅले पार्किंगमध्ये गाडी ठोकली, आणि मला पोच मिळेना : माझा अनुभव

वन्संच्या थोरल्या मुलाचं रिसेप्शन होतं, सोलापुरातल्याच एका मोठ्या हॉटेलात. आत्यांचे गुडघे दुखतात (सासूबाईंना आमच्याकडे आत्याच म्हणतात), म्हणून मी गाडी थेट पोर्चमध्ये नेली आणि तिथल्या वॅलेच्या, म्हणजे आपली गाडी लावून-आणून देणाऱ्या मुलाकडे किल्ली दिली. त्यानं निळ्या पुठ्ठ्याचं टोकन दिलं, नंबर ४७. रात्री साडेदहाला गाडी परत आली तेव्हा डावीकडचं मागचं दार आत गेलं होतं. मरून रंगावर हातभर ओरखडा, आणि त्या ओरखड्यात पिवळा रंग भरलेला.

तिथपासून दुरुस्तीचे पैसे माझ्या खात्यात येईपर्यंत ५३ दिवस लागले. त्यातले तीन आठवडे मी फक्त एका गोष्टीमागे होते. माझ्या तक्रार अर्जाच्या झेरॉक्सवर हॉटेलनं ‘मिळाला’ असा शिक्का मारावा, एवढंच. त्या तीन आठवड्यांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

त्या रात्री काय केलं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं. गाडी आणणारा मुलगा विशीचाही नसेल. मी विचारल्यावर म्हणाला, “ताई, माझ्याकडनं नाही झालं, आधीचं असंल.” पण आपल्या गाडीला दुसऱ्याचा रंग कुठून आला, हे डोक्यातून जाईना. मी आणि हे खाली बेसमेंटमध्ये उतरलो. तिथल्या खांबांना कमरेपर्यंत पिवळे-काळे पट्टे मारलेत. वळणावरच्या तिसऱ्या खांबाचा कोपरा खरवडला होता आणि त्यावर आमच्या गाडीचा मरून रंग होता, बोट लावलं तर बोटाला भुकटी येत होती. मी खांबावर विती मोजल्या, जमिनीपासून तीन. वर येऊन दारावर मोजल्या, तिथंही तीनच. दोन्हीकडचे फोटो काढले, माझा हात फोटोत दिसेल असे.

वन्सं लगबगीनं आल्या. “अगं, आज कार्यात नको गं विषय.” त्यांचंही बरोबर होतं. नवीन सोयरिक, समोर पाहुणे, कोण कुणाला काय बोलणार? मी आवाज चढवला नाही. पण त्या मुलानं टोकनसाठी हात पुढं केला तेव्हा टोकन दिलं नाही. गाडी मिळाली की ते टोकन परत घेतात आणि मग आपल्या हातात काही म्हणजे काही उरत नाही, हे लक्षात ठेवा. निदान किल्ली देतानाच टोकनचा फोटो काढा, आणि त्याच फोटोत गाडी येऊ द्या.

टोकनच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं : ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर. नुकसान वा चोरीस व्यवस्थापन जबाबदार नाही.’ हे वाचून निम्मे लोक तिथंच गप्प बसत असतील. मीही बसले असते, पण माझा मामेभाऊ वकिली करतो. त्याला रात्रीच फोन केला. तो म्हणाला, “अक्का, गाडी तू लावलीस का त्यांनी?” मी म्हटलं, त्यांनी. “किल्ली कुणाकडे होती?” त्यांच्याकडे. “मग झालं तर. ती ओळ सोडून दे.”

त्यानं समजावलं ते असं. आपण स्वतः गाडी लावून किल्ली खिशात घातली, तर ती नुसती जागा वापरणं असू शकतं. पण किल्ली त्यांच्या हातात दिली की गाडी त्यांच्या ताब्यात जाते. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या १४८ व्या कलमात अशा ताब्याचं सांगितलंय, आणि १५१ व्या कलमाप्रमाणे ताबा घेणाऱ्यानं त्या वस्तूची एखादा शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यायलाच हवी. दिल्लीत १ ऑगस्ट १९९८ ला एका पंचतारांकित हॉटेलच्या वॅलेकडे दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती. विमा कंपनीनं मालकाला २ लाख ८० हजार दिले आणि मालकाला सोबत घेऊन हॉटेलवर दावा लावला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १४ नोव्हेंबर २०१९ ला हॉटेलच्या विरुद्ध निकाल लागला. ‘ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स’ या नावानं तो सापडतो. तिथंही टोकनवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असंच छापलं होतं. न्यायालयानं सांगितलं की स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी असं छापून झटकता येत नाही, आणि आपली चूक नव्हती हे आधी हॉटेलनं दाखवायचं.

एवढं हातात आल्यावर मला वाटलं, आता काय, एक अर्ज दिला की काम झालं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत अर्ज घेऊन गेले. अर्जात तारीख, वेळ, टोकन नंबर, फोटो, दुरुस्तीचा खर्च देण्याची मागणी आणि बेसमेंटचं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग जपून ठेवण्याची विनंती. ते रेकॉर्डिंग काही दिवसांनी पुसून त्याच जागी नवीन चढतं, म्हणून ही ओळ पहिल्याच कागदात हवी.

मॅनेजरनी अर्ज वाचला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवायला लागले. मी झेरॉक्स पुढं केली. “पोच द्या.”

“पोच कशाला ओ मॅडम? मी आहे ना. बघू की.”

“शिक्का आणि सही द्या, मी जाते.”

“शिक्का अकाउंट्सकडे असतो. ते आज सुट्टीवर आहेत.”

मी अर्ज परत घेतला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं ऑफिस मी सांभाळते. सूतवाल्यांची चलनं, वीज मंडळाची पत्रं, कामगारांचे रजेचे अर्ज, दिवसाला वीस-पंचवीस कागदांवर मी आवक शिक्का मारते. शिक्का, तारीख, सही, अर्धा मिनिट लागतो. आणि शिक्का न मारलेला कागद उद्या ‘आलाच नव्हता’ म्हणायला किती सोपा असतो, हे माझ्याएवढं कुणाला माहीत असणार? म्हणून पोचेशिवाय अर्ज द्यायचा नाही, हे माझ्या मनात पक्कं होतं.

गुरुवारी परत गेले, अर्धी रजा टाकून. रिसेप्शनसमोरच्या सोफ्यावर एक तास दहा मिनिटं बसले. मॅनेजर आले आणि म्हणाले, वॅले आमचं नाहीच, एजन्सीचं आहे. तुम्ही त्यांच्याशी बोला. मी म्हटलं, पोर्च कुणाचं? मुलाच्या शर्टावर नाव कुणाचं? बेसमेंट कुणाचं? एजन्सी तुम्ही नेमली, मी नाही. त्यावर त्यांनी नवीन मुद्दा काढला : “तुम्ही तर आमचे कस्टमरच नाही. लग्नाला आलेल्या. बिल तुम्ही कुठं भरलंय?”

या प्रश्नानं मी त्या दिवशी अडखळले, हे खरं. घरी येऊन भावाला विचारलं तर त्याचंही उत्तर होतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये पैसे देणारा तर ग्राहक असतोच, पण त्याच्या संमतीनं सेवेचा लाभ घेणाराही ग्राहकच. मग वन्संच्या व्याह्यांकडून हॉलच्या बिलाचा फोटो मागवला. मागायला जड गेलं, पण त्यांनी पाच मिनिटांत पाठवला. जेवणाच्या ताटांखाली, जनरेटरच्या वर, सरळ ओळ होती : वॅले पार्किंग, ६,००० रुपये. बिल हॉटेलचंच, एजन्सीचं कुठंही नाव नाही.

मधल्या काळात एजन्सीच्या सुपरवायझरचा फोन आला. “तीन हजार देतो, मिटवा. नाहीतर पोराच्या पगारातनं कापायला लागतंय, तुम्हालाच पाप लागंल.” हे मला सगळ्यात जास्त लागलं. त्या मुलाकडून मला एक रुपया नको होता. रात्री अकरापर्यंत शंभर गाड्या पळत आणणाऱ्या पोराच्या डोक्यावर हे टाकून स्वतः मोकळं व्हायचं? मी अर्ज परत टाइप केला आणि शेवटी लिहिलं की माझी मागणी हॉटेलकडे आहे, संबंधित कामगाराकडून वसुली व्हावी अशी माझी मागणी नाही.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा अर्जाला बिलाचा फोटो, निकालाचा उल्लेख आणि शोरूमचं एस्टिमेट जोडलं होतं. मॅनेजर म्हणाले, “मॅडम, तुमच्या मिस्टरांना पाठवा ना, आम्ही त्यांच्याशी बोलतो.” गाडी माझ्या नावावर, लायसन माझं, टोकन माझ्या हातात. मी तसं सांगितलं. पुन्हा तेच, शिक्का अकाउंट्सकडे. आणि तेवढ्यात कुरिअरवाला आला. रिसेप्शनच्या मुलीनं काउंटरखालचा ड्रॉवर उघडला, गोल शिक्का काढला, जांभळ्या शाईच्या पॅडवर दोनदा टेकवला आणि कुरिअरच्या कागदावर मारला. माझ्यापासून हातभर अंतरावर. मी मॅनेजरकडे बघितलं. ते फोन कानाला लावून आत निघून गेले.

मी पायऱ्यांवर येऊन उभी राहिले आणि रडू आलं. गाडीपायी नाही, त्या शिक्क्यापायी.

दुसऱ्या दिवशी तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवला, एक प्रत हॉटेलला, एक त्यांच्या मालक कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, आणि ईमेलही केला. दोन दिवसांत ट्रॅकिंगवर ‘वितरित’ दिसलं. त्याचा प्रिंट काढला. झाली पोच! हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्ही समोर जाऊन द्या, माणुसकी म्हणून जरूर द्या, पण एकदा टाळाटाळ दिसली की दुसरी फेरी मारू नका, थेट टपाल कार्यालय गाठा.

पत्रात १५ दिवसांची मुदत दिली होती आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करेन असं लिहिलं होतं. ती धमकी पोकळ नव्हती, तक्रारीचा मसुदा तयार होता. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते, वकील लागतोच असं नाही आणि सेवेची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथंही आधी नोंद करता येते.

विम्याचं राहिलंच. बरेच जण म्हणाले, एवढा ताप कशाला, क्लेम टाक. गाडी ठोकली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी विमा कंपनीला कळवून ठेवलं होतं, आणि ते तुम्हीही करा, कारण उशिरा कळवलं तर ते उशीर दाखवतात. त्यांच्या माणसानं बघण्याआधी दार दुरुस्तीला देऊ नका. पण क्लेम मी टाकला नाही. तीन वर्षं क्लेम नसल्यानं माझा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ३५ टक्के होता, तो शून्यावर आला असता. शिवाय प्रत्येक क्लेममागे माझ्या गाडीला पहिले १,००० रुपये आपले आपण, वर बदललेल्या भागांचा घसारा, म्हणजे जुनेपणापोटी कापतात ती रक्कम. तरी नुसत्या आकड्यांनी बघितलं तर विमा फार तोट्याचा नव्हता. चूक त्यांची आणि बोनस माझा जावा, हे मला पटत नव्हतं. ज्यांना गाडी रोज लागते आणि थांबणं जमत नाही त्यांनी क्लेम घ्यावा. पैसे दिल्यावर कंपनीला हॉटेलकडून वसूल करायचा हक्क मिळतो, दिल्लीच्या प्रकरणात तेच झालं.

पत्र पोचल्यावर नवव्या दिवशी फोन आला. मॅनेजरचा नाही, कुणा वरच्या साहेबांचा. आवाज मऊ. सीसीटीव्ही बघितलं म्हणाले, खांब दिसतोय म्हणाले. पुढचं सगळं भराभर झालं. दार बदलावं लागलं नाही, ठोकून सरळ झालं, रंग आणि खालच्या पट्टीसकट बिल झालं २४,३५०. तडजोडीच्या कागदावर त्यांना ‘पूर्ण व अंतिम, रक्कम मिळाली’ अशी सही आधी हवी होती. मी म्हटलं, रक्कम खात्यात दिसू दे, मग सही. दोन दिवसांनी पूर्ण रक्कम आली. माझ्या रजा गेल्या त्या गेल्या, त्याचं मी मागितलं नाही.

शेवटी मूळ बिल द्यायला त्याच रिसेप्शनवर गेले. झेरॉक्स पुढं केली. त्या मुलीनं एकदा आतल्या केबिनकडे बघितलं, ड्रॉवर उघडला आणि शिक्का मारला. जरा तिरका बसला, पण तारीख स्वच्छ वाचता येते. तो कागद मी टोकन नंबर ४७ सोबत फाइलला लावलाय.