तीन नवे डाग

“मॅडम, गोळी लागू पडतेय ना?” लेकीच्या हातावरचा कापूस दाबून धरत आईनं विचारलं. “रिपोर्ट संध्याकाळी मिळेल,” हे आम्हा रेडिओलॉजिस्टांचं ठेवणीतलं उत्तर देऊन मी आत आले.

मुलगी 29 वर्षांची. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार. तो आटोक्यात ठेवणारी डायमिथाइल फ्युमरेटची गोळी जूनपासून सुरू, आणि हा डिसेंबरचा एमआरआय. तुलनेला एक जुनी सीडी. फ्लेअरवर, म्हणजे असे डाग ठळक दाखवणाऱ्या एमआरआय चित्रांवर, मेंदूच्या पोकळ्यांना काटकोनात चिकटलेले लांबट पांढरे डाग दिसत होते, ज्यांना आम्ही ‘डॉसनची बोटं’ म्हणतो. ती जुनीच. पण मोजले तर तीन डाग जास्त भरले. ‘तीन नवे डाग’ असं मी डिक्टेट करून मोकळी झाले. अशा एका ओळीवर औषध बदलतं, आणि पुढचं औषध बहुधा जास्त जालीम असतं.

सही करताना सीडीवरची तारीख दिसली. जानेवारी! गोळी सुरू होण्याच्या पाच महिने आधीची. शिवाय या गोळीचा असर दिसायलाही काही महिने जातात. मग हे डाग कुणाच्या खात्यावर टाकायचे? शिरेतून गॅडोलिनियम हे ताजे डाग उजळवणारं द्रव्य दिल्यावर एकही डाग उजळला नव्हता. ताजा डाग काही आठवडेच उजळतो, म्हणजे हे त्याहून जुने असणार. जूनच्या आधीचे की नंतरचे, ते मात्र कळायला मार्ग नव्हता.

त्यात जुना स्कॅन दुसऱ्या सेंटरचा, 5 मिलिमीटरच्या कापांचा, मधे फट सोडलेला. आमचे काप 3 मिलिमीटरचे. जाड कापांत बारीक डाग निसटू शकतो. संशय आला म्हणून सीडीतले उभे काप उघडले. मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या पट्ट्याच्या, कॉर्पस कॅलोसमच्या, खालच्या कडेला, अगदी तांदळाच्या कणीएवढा, फिकट ठिपका. तिनातला एक डाग जानेवारीतही होता तर!

न्यूरोलॉजिस्टना फोन लावला. “औषध लागू झाल्यावरचा बेसलाइन कुठाय?” मी विचारलं. पुढच्या तुलनेचा तो पहिला स्कॅन करायचाच राहिला होता. घरच्यांनी खर्चापायी पुढे ढकललेला. (त्यांना तरी काय बोलणार?) मग ठरलं, आजचाच स्कॅन बेसलाइन धरायचा, गोळी चालू ठेवायची, आणि सहा महिन्यांनी याच मशीनवर, याच प्रोटोकॉलनं परत. रिपोर्ट मी नव्यानं लिहिला.

जूनमध्ये टेक्निशियननं डिसेंबरचे काप शेजारी लावून कोन जुळवला. मी दोनदा मोजले. एकही वाढला नव्हता. या वेळी आईला संध्याकाळपर्यंत थांबवलं नाही.