फौजेतून फाट्यावर : आमची वाटचाल

सरकारी कचेरीतला माणूस अठ्ठावन्न-साठाला निवृत्त होतो. तोवर पोरं मार्गी लागलेली असतात, घर बांधून झालेलं असतं. फौजेतले शिपाई, नायक, हवालदार मात्र बरेचदा पस्तीस ते चाळीसच्या आसपास काळी पेटी घेऊन घरी येतात. पेन्शन बसायला 15 वर्षांची नोकरी लागते. ती झाली की काही जण स्वतःहून निघतात, काहींची मुदतच संपते. मी 1995 साली भरती झालो आणि 2012 साली हवालदार म्हणून घरी आलो. मोठी मुलगी तेव्हा पाचवीत होती, धाकटा नुकताच शाळेत जायला लागला होता. पेन्शन पगाराच्या निम्मी, आणि त्यातलाही भाग मी विकलेला, कारण हातात एकरकमी पैसा हवा होता. म्हणजे खर्चाची खरी वर्षं सुरू होताना उत्पन्न निम्म्याखाली आलं. बहुतेक फौजी घरांचं गणित हेच असतं, आणि शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करायच्या आमच्या धंद्याचा जन्म याच गणितातून झाला.

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी-वरुडच्या या संत्रा पट्ट्यात गावोगावी माजी सैनिक आहेत. 26 जानेवारीला शाळेत बोलावतात, झेंड्याजवळ मानाने उभं करतात, त्याचं समाधान आहेच. पण दुसऱ्या दिवशी कामाचं विचारलं की उत्तर एकच, "सेक्युरिटीत लागून जा ना बावा." बँकेचं दार, एटीएम, कंपनीचं गेट. त्या कामाला मी कमी लेखत नाही, माझ्या कित्येक सोबत्यांनी त्यावर लेकरं शिकवली. राग याचा येतो की "तू फौजेत काय करत होता?" असं कुणी विचारतच नाही. फौज म्हणजे बंदूक, एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. फौजेत वायरमन असतात, वेल्डर असतात, रेडिओ दुरुस्त करणारे, पूल बांधणारे, शंभर-शंभर माणसांचा स्वयंपाक रांधणारे असतात. वीस वर्षं पक्का झालेला तो हात गावात आल्यावर लाकडी दांडा धरून खुर्चीवर बसतो. हे नुकसान त्या एका माणसाचंच नाही, गावाचंही आहे.

मी ईएमईचा. फौजेच्या गाड्या, तोफा, जनरेटर, यंत्रं चालती ठेवणारी ही शाखा 1943 साली उभी राहिली आणि 15 ऑक्टोबर हा तिचा दिवस. ब्रीद 'कर्म ही धर्म'. माझं प्रशिक्षण सिकंदराबादला झालं, ट्रेड इलेक्ट्रिशियन. उस्ताद कडक होते. वायरच्या जोडावर टेप गुंडाळला की बोटाने ओढून बघायचे. सुटला तर पूर्ण हार्नेस, म्हणजे गाडीतल्या तारांची सगळी जुडी, पुन्हा.

डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रमसाठी फौज सरहद्दीवर गेली, ती ऑक्टोबर 2002 पर्यंत तिथेच होती. आमचं वर्कशॉप राजस्थानच्या वाळूत होतं. पिठासारखी बारीक वाळू एअर फिल्टरमध्ये, डायनॅमोत, स्टार्टरच्या ब्रशमध्ये शिरायची. लढाई झाली नाही, पण महिनोन् महिने प्रत्येक गाडी कुठल्याही क्षणी निघेल अशा अवस्थेत ठेवायची होती. पुढे लडाखमधे नेमकं उलटं. थंडीत डिझेल घट्ट होतं, बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो, उघड्या हाताने पाना धरला तर कातडी चिकटते. या दोन्ही ठिकाणी जे शिकलो त्यावर आजचं वर्कशॉप उभं आहे. बिघडलेली वस्तू मागे ओढत नेऊ नका, जमेल तितकं पुढे जाऊन जागेवरच दुरुस्त करा. दुरुस्तीला वेळ लागत असेल तर तो भाग काढून दुसरा बसवा, गाडी चालू करा, जुन्या भागाचं काम नंतर निवांत करा.

घरी आल्यावरचे पहिले महिने जड गेले. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. पण घराने माझ्याशिवाय चालायची सवय करून घेतली होती. पत्नी बँक, शाळा, बगीचा, मजूर सगळं एकटीने सांभाळत होती आणि उत्तम सांभाळत होती. मुलं काही विचारायचं असलं की सरळ तिच्याकडे जायची. पहाटे पाचला उठून मी अंगणात चकरा मारायचो. करायला काही नसायचं. सुट्टीवर आलेला फौजी पाहुणा असतो, कायमचा आलेला कोण असतो हे घरालाही शोधावं लागतं. तो शोध आमच्याकडे मोटारीपाशी येऊन थांबला.

त्या वर्षी मे महिन्यात आमच्याच बोअरची मोटार जळाली. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहाराची, फळं झाडावर होती. ऊन पंचेचाळीसच्या वर. अशा वेळी पाणी तुटलं की फळगळ सुरू होते आणि वर्षाचं उत्पन्न बुंध्याशी पडलेलं दिसतं. तालुक्यातल्या दुकानांत जळालेल्या मोटारींची रास होती, नंबर लागायला आठवडा. मी मोटार घरीच उघडली, अमरावतीहून तार आणली आणि ओट्यावर बसून वाइंडिंग केलं, म्हणजे आतली तारेची वेटोळी (कॉइल) नव्याने भरली. पाणी चालू झालं. दोन दिवसांनी शेजारच्या गावचे एक आबाजी बैलबंडीत मोटार घालून दारात उभे. "फौजीभाऊ, माही बी जयली. झाडं माना टाकून रायली." तिथून सुरुवात झाली.

एका बँकेने कर्जाचा अर्ज परत केला. मग ग्रॅच्युइटीच्या पैशात फाट्यावर टिनाचं शेड टाकलं, हाताने फिरवायचं वाइंडिंग मशीन, इन्शुलेशन तपासायचा मेगर, साखळीने वजन उचलायचा चेन ब्लॉक आणि एक जुना पिकअप घेतला. पत्नीने हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून स्वतःकडे घेतली, ती आजही तिच्याकडेच आहे. आमच्यातली खरी धंदेवाईक तीच.

या कामाबद्दल थोडं सांगतो, कारण बरेच शेतकरी मोटार जळाली की मोटारीलाच दोष देतात. जळालेलं वाइंडिंग वाचता येतं. तीनपैकी एक फेज गेला आणि मोटार दोन फेजवर घरघरत राहिली तर काही कॉइल कोळसा होतात आणि शेजारच्या कॉइल जशाच्या तशा चकचकीत राहतात. व्होल्टेज कमी पडून किंवा लोड जास्त होऊन जळाली तर सगळं वाइंडिंग सारखंच काळवंडतं. एकाच ठिकाणी खड्डा पडल्यासारखी जळाली असेल तर तिथलं इन्शुलेशन फाटलेलं असतं. म्हणून आमच्याकडे तार कापायच्या आधी शेतकऱ्याला जवळ बोलावून दाखवतो. जुने फेरे मोजून, तारेचा गेज मोजून रजिस्टरमध्ये लिहितो, फौजेत प्रत्येक गाडीचं लॉगबुक असायचं तसंच. बोअरमध्ये बुडून चालणाऱ्या, पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलला प्लास्टिकचं वेष्टण असलेली तार लागते, पाण्याबाहेर बसणाऱ्या कोरड्या मोनोब्लॉकला इनॅमलची तार आणि वर वार्निश. स्वस्तात हवी म्हणून हलकी तार आम्ही घालत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. शेवटी मेगर लावायचा. एक मेगओहमच्या खाली काटा दिसला तर मोटार शेडबाहेर जात नाही, मग शेतकरी कितीही घाईत असो.

ताणानंतरचं (बहार धरायला बगीच्याचं पाणी तोडतात, तो ताण) पहिलं पाणी आणि एप्रिल-मेचं पाणी, या दोन वेळा आमच्यासाठी मोर्चावरच्याच. या भागात भूजल इतकं उपसलं गेलं की बोअर आठशे-हजार फुटांपर्यंत गेले. तेवढ्या खोलीतून मोटार काढणं म्हणजे तिपाई, चेन ब्लॉक, क्लॅम्प आणि पाच-सहा माणसांचा दिवस. मोटार वर काढून दुकानात आणायची, परत न्यायची, यात बगीचा सुकतो. म्हणून हंगामाआधीच आम्ही वेगवेगळ्या एचपीच्या तयार मोटारी भरून ठेवतो. फोन आला की पिकअप जातो, जळालेली वर येते, त्याच दिवशी बदली मोटार खाली जाते. शेतकऱ्याची मोटार तयार झाल्यावर पुढच्या उघडणीला ती परत बसवतो. बदलीचं भाडं घेत नाही, फक्त चढ-उताराची मजुरी. यात पैसा अडकून पडतो, पण आम्ही टिकलो ते याच्यामुळे.

दुसरं काम ऑटो स्विचचं. शेतीची थ्री फेज लाईन बरेचदा रात्री असते. साप-विंचवाच्या रात्री कोण उठणार, म्हणून स्टार्टरला ऑटो, म्हणजे लाईन आली की आपोआप पंप सुरू करणारा स्विच, लावलेला. लाईन आली की एका डीपीवरचे (ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, मोटारी जळतात आणि शेवटी डीपीही जाते. फौजेत गाड्यांचा ताफा, कॉन्व्हॉय, निघतो तेव्हा सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत, ठरलेलं अंतर ठेवून एकामागून एक सुटतात. तसंच आम्ही एका डीपीवरच्या शेतकऱ्यांना एकत्र बसवून प्रत्येकाच्या स्टार्टरमध्ये टायमर लावतो. पहिला लाईन आल्यावर लगेच, दुसरा मिनिटभराने, तिसरा दोन मिनिटांनी. पहिला नंबर कुणाचा यावर वाद होतात. भावकीत तर जास्तच. चहा होतो, चिठ्ठ्या टाकतो. पण जिथे हे बसलं तिथून आमच्याकडे येणाऱ्या जळक्या मोटारी कमी झाल्या. काही लोक म्हणतात, तुम्ही स्वतःचाच धंदा मारता. मला तसं वाटत नाही. शेतकऱ्याचा बगीचा उभा राहिला तर आम्ही उभे राहू.

टायमर आणि पॅनलचं सगळं काम करणारा माझा सहकारी सिग्नलमधला, म्हणजे फौजेच्या संदेशवहन शाखेतला. जबलपूरला शिकलेला, डोंगरावरच्या चौक्यांना बोलतं ठेवणारा माणूस. मी त्याला भेटलो तेव्हा तो एका एटीएमच्या काचेआड रात्रपाळी करत होता. पैसे काढताना त्याच्या बुटांकडे लक्ष गेलं. पॉलिश असं की ओळख विचारायची गरज नव्हती. ट्रेड विचारला. तो थोडा वेळ बोललाच नाही, मग म्हणाला, "भाऊ, हे विचारणारे तुम्ही पह्यलेच." दुसऱ्या आठवड्यात तो शेडमध्ये होता. आज सौर पंपाचे कंट्रोलर उघडायलाही तोच बसतो. पिकअप चालवणारा एएससीचा, फौजेला रसद पुरवणाऱ्या शाखेचा, ड्रायव्हर आहे, चेन ब्लॉकवर तोफखान्यातले दोघे. तोफखान्यातल्या माणसाला वजन आणि दोर शिकवावा लागत नाही.

कॉइल बांधण्याचं नाजूक काम आमच्याकडे एक वीरपत्नी ताई करतात. सुरुवातीला त्या कामासाठी आल्याच नव्हत्या, पेन्शनच्या कागदांसाठी आल्या होत्या. नवऱ्याच्या रेकॉर्डमध्ये त्यांचं नाव एक, आधारवर दुसरं. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात, आणि फौजेत पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे शिपायाच्या घरच्या नोंदींच्या अधिकृत आदेशात, जे छापून आलं तेच खरं. तो फरक काढायला रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार, प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या चकरा, सगळं करावं लागलं. बाकावर बसून वाट पाहता पाहता त्या कॉइल बघत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "द्या इकडं, मी करून पाहतो." विणकामाचा हात होता. आज त्यांच्या कॉइलचा फेरा कधी चुकत नाही.

तेव्हापासून रविवारी सकाळी शेडमधलं एक टेबल कागदांसाठी मोकळं ठेवतो. पेन्शन 'स्पर्श' प्रणालीवर गेली, हयातीचा दाखला मोबाईलवरून द्यायचा, ओटीपी येतो. सत्तरीच्या नायकाला हे कसं जमावं? दाखला राहिला की पेन्शन थांबते आणि म्हातारा माणूस घाबरून जातो. त्यात त्याची काहीच चूक नसते. आमची मुलगी आता कॉलेजात आहे, ती हे काम करते. पैसे घेत नाही. प्रत्येक फौजी घराला माझी कळकळीची विनंती आहे, डिस्चार्ज बुक आणि पीपीओवरची (पेन्शनच्या आदेशावरची) पत्नीची नाव-जन्मतारीख आधारशी आजच ताडून बघा. माणूस हयात असताना ही दुरुस्ती सोपी असते. तो गेल्यावर तेच काम त्या बाईला एकटीने करावं लागतं.

पुढची काळजी अग्निवीरांची आहे. 2022 साली योजना आली, पहिली तुकडी 2026 अखेर ते 2027 च्या सुरुवातीला चार वर्षं पूर्ण करते. त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार, बाकीची पोरं बाविशी-पंचविशीत गावी येतील. पेन्शन नाही, मुदत संपताना मिळणाऱ्या सेवा निधीचे सुमारे 11.71 लाख रुपये हातात. आमच्या भागातली बरीच पोरं त्यात आहेत आणि त्यांचे बाप आत्तापासून शेडवर येऊन विचारतात. मी त्यांना सांगतो, पैसा आला की आधी गाडी किंवा लग्नाचा मांडव नको. त्यातला एक भाग हत्यारांत घाला आणि हाताला एक काम पक्कं करा.

म्हणून मागच्या बाजूला दुसरं शेड बांधायला घेतलं आहे, चार जणांना शिकता येईल एवढं. मोटार वाइंडिंग, स्टार्टर-पॅनल आणि सौर पंपाची देखभाल, तिन्ही शिकवू. पहिल्या महिन्यापासून पगार असेल, शिकाऊ म्हणून फुकट राबवणार नाही. राहायची खोली आहे, जेवण आमच्या घरचं. शिकायची वेळ दिवाळीनंतरची, झाडं ताणावर असतात आणि आम्हाला उसंत असते तेव्हाची. ट्रेड कुठलाही असो, डिस्चार्जचे कागद घेऊन या आणि दोन दिवस सोबत राहून बघा. मे महिन्यात मात्र शिकायला कुणी येऊ नका, तेव्हा आम्ही सगळे बोअरवर असतो.