आत्या, तो शंख ठेव!

अंदमानातल्या नील बेटावरचा (आता शहीद द्वीप) नैसर्गिक दगडी पूल बघायचा तर ओहोटीच गाठावी लागते. भरतीला तिथवर चालतच जाता येत नाही. वाट मेलेल्या प्रवाळांच्या कातळावरून, खळग्याखळग्यांत पाणी आणि त्यात लोळत पडलेल्या समुद्रकाकड्या. मी दोनदा आपटलो. आत्या हर्णैची, ती चप्पल हातात घेऊन पुढे. लहानपणची खोड मात्र तीच: शंख दिसला की उचल.

आमच्या बंगाली वाटाड्या पोराने एका खळग्यातला चपटा दगड उलटला. खाली वाळूत अर्धवट रुतलेला बोटभर शंख. पिवळ्या-तपकिरी रेघा, त्यावर एकात एक गुंतलेले पांढरे त्रिकोण.

"अगं बाई, पदरच की हा!" आत्याने हात घातलाच.

"आंटी, मत छुओ! ज़िंदा है!"

आत्याचा हात पाण्यावरच थबकला. शंखाच्या निमुळत्या टोकातून एक नळी बाहेर आली. पांढरी, मध्ये काळा पट्टा, टोक लाल. हे त्याचं नाक; पाण्यातून भक्ष्याचा वास घेतं. हत्यार वेगळं, दुसऱ्या सोंडेत: भाल्यासारखा काटेरी, पोकळ दात. तो भक्ष्यात घुसवायचा आणि त्यातून विष सोडायचं. एक दात एकदाच, पुढचा पिशवीत तयार. शंख जाड बाजूने धरला तरी भरवसा नाही, सोंड मागे वळते.

ही टेक्स्टाइल कोन, दुसऱ्या गोगलगायी खाणारी गोगलगाय. तिची भाऊबंद जिओग्राफी कोन मासे खाते, आणि त्यांना सुस्त करायला चक्क इन्सुलिन वापरते. १९३५ साली ऑस्ट्रेलियातल्या हेमन बेटावर एका तरुणाने ती हातात धरली, काही तासांत गेला. या विषावर उतारा नाही. ते ओसरेपर्यंत रुग्णाचा श्वास चालू ठेवायचा, एवढंच.

तिसऱ्या एका जातीच्या विषावरून बेतलेल्या वेदनाशामकाला २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, हे मी रात्री जेवताना सांगितलं.

"माझ्या कंबरेला चालेल का रे?"

"ते पंपाने थेट मणक्यातल्या पाण्यात सोडतात."

आत्याने मुकाट्याने भात कालवला.

पोराने दगड होता तसा अलगद ठेवला होता. फोटो तेवढा आमच्याकडे राहिला. परवा दादरला साडीच्या दुकानात आत्याने तोच पुढे केला. दुकानदाराने मोबाइल आडवा-उभा करून पाहिला आणि म्हणाला, "मावशी, हे डिझाइन संपलं. कलमकारीत दाखवू?"