पाच डॉलरचे तिकीट आणि अर्ध्यावर थांबवलेले गाणे

पंक गिगना, म्हणजे या रांगड्या रॉक संगीताच्या लाइव्ह कार्यक्रमांना, जाणाऱ्या लोकांत फुगाझी या वॉशिंग्टनच्या बँडचे नाव निघाले की थोड्याच वेळात दोन तट पडतात. एका तटाच्या मते इतका ताकदीचा आणि इतका प्रामाणिक लाइव्ह बँड अमेरिकेत पुन्हा झाला नाही. दुसऱ्या तटाला बँडची ताकद मान्य असते, पण ‘गाणी वाजवा, प्रवचन नको’ अशी त्यांची तक्रार असते आणि तिचा रोख गायक-गिटारवादक इयन मकाय यांच्यावर असतो. ऐन रंगात आलेले गाणे थांबवून पुढच्या रांगेतल्या एखाद्या धसमुसळ्या मुलाला सगळ्यांसमक्ष समज देण्याची त्यांची सवय प्रसिद्ध होती. मी पहिल्या तटातला आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र त्या तटातले बरेच जण मकाय यांच्या बोलण्याची बाजू ‘संगीत उत्तम आहे, मग तेवढे चालवून घ्या’ अशा थाटात घेतात, ते मला पटत नाही. ते थांबणे, ती समज आणि दारावरचे पाच डॉलरचे तिकीट हे सारे त्या संगीतात विणलेले होते, आणि ते वेगळे काढले तर संगीतही तेच राहिले नसते, असे माझे मत आहे.

पुण्यात राहणाऱ्या आणि त्यांना कधीही प्रत्यक्ष न पाहिलेल्या माणसाने हे मत कशाच्या जोरावर द्यावे, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर ध्वनिमुद्रणांत आहे. वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरमध्ये ३ सप्टेंबर १९८७ रोजी झालेल्या पहिल्या कार्यक्रमापासून लंडनच्या फोरममध्ये ४ नोव्हेंबर २००२ रोजी झालेल्या शेवटच्या कार्यक्रमापर्यंत फुगाझीने एक हजाराहून अधिक गिग केले. त्यांपैकी आठशेहून अधिक कार्यक्रम त्यांच्याच ध्वनितंत्रज्ञांनी टेपवर उतरवून ठेवले होते. डिसेंबर २०११ पासून त्यांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स या कंपनीने हा साठा एकेका तारखेने खुला करायला सुरुवात केली. किंमत सुचवली पाच डॉलर, पण एक डॉलरपासून शंभरपर्यंत ऐकणाऱ्याला वाटेल ती रक्कम देण्याची मुभा ठेवली. मुद्रण कुठे उत्तम आहे आणि कुठे खराब, हेही प्रामाणिकपणे नोंदवले. गाण्यांच्या मधले बोलणे, तारा जुळवणे, प्रेक्षकांचे टोमणे, वादावादी यांतले बरेच काही त्यात जसेच्या तसे आहे. कोणत्याही बँडच्या प्रेक्षकवर्गाचा इतका मोठा आवाजी दस्तऐवज माझ्या ऐकण्यात दुसरा नाही.

या बँडचे वागणे समजायचे तर त्याच्या आधीची काही वर्षे पाहावी लागतात. मकाय आणि जेफ नेल्सन यांनी १९८० मध्ये डिस्कॉर्ड सुरू केले, आणि त्याच सुमारास त्यांचा मायनर थ्रेट हा बँडही उभा राहिला. हार्डकोर पंकच्या, म्हणजे अधिक वेगवान आणि आक्रमक पंकच्या, त्या पहिल्या लाटेत स्टेजसमोर एकमेकांवर आदळत नाचण्याचा, म्हणजे स्लॅम डान्सिंगचा, प्रकार कॅलिफोर्नियातून वॉशिंग्टनला पोहोचला. सुरुवातीला त्यात मकाय आणि त्यांचे मित्रच आघाडीवर होते. तीन-चार वर्षांत त्या खेळाचे रूपांतर मारामारीत झाले, गिगला यायचे कारण गाणी न राहता ठोसे झाले, आणि मुली तर पुढून केव्हाच मागे सरकल्या होत्या. १९८४-८५ च्या सुमारास तिथल्या काही मंडळींनी ठरवून वेगळ्या धाटणीचे बँड काढले. गी पिचोटो आणि ब्रेंडन कँटी हे राइट्स ऑफ स्प्रिंगमध्ये होते, मकाय एम्ब्रेसमध्ये. हे तिघे आणि बास वाजवणारे जो लॅली मिळून पुढे फुगाझी झाला. म्हणजे पुढच्या रांगेतल्या मुलाला मकाय जे सांगत होते, ते स्वतः त्या रांगेतून आलेल्या माणसाचे सांगणे होते. उंचावरून केलेला उपदेश आणि हे बोलणे यांत मला तरी बराच फरक ऐकू येतो.

आता त्या पाच डॉलरविषयी. बहुतेक ठिकाणी तिकीट तेवढेच असे, पुढे काही शहरांत थोडे वाढले. इतक्या कमी तिकिटात अमेरिकाभर आणि पुढे युरोप, ऑस्ट्रेलिया, जपानपर्यंत फिरणे परवडले, याचे कारण खर्चाला त्यांनी सगळीकडून कात्री लावली होती. मॅनेजर नव्हता, कार्यक्रम मकाय स्वतः फोनवरून ठरवत. व्हॅन स्वतः चालवायची, सामान स्वतः उचलायचे, रात्री ओळखीच्यांकडे मुक्काम करायचा. बँडच्या नावाचे टी-शर्ट त्यांनी विकले नाहीत. इतर कोणीतरी ‘हा फुगाझीचा टी-शर्ट नव्हे’ असे छापून टी-शर्ट विकले, ही पंकच्या इतिहासातली एक छान गंमत आहे. लोलापलूझासारख्या मोठ्या फिरत्या महोत्सवाला तिकीट महाग असल्यामुळे नकार दिला. आपल्या शहरातले त्यांचे बहुतेक कार्यक्रम तर कुठल्या ना कुठल्या कामाच्या मदतीसाठी किंवा फुकट होत. आखाती युद्ध सुरू होण्याच्या काही दिवस आधी, १२ जानेवारी १९९१ रोजी, ते व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट पार्कात वाजवायला उभे राहिले होते.

या तिकिटाचा मला सर्वांत आवडणारा उपयोग मात्र वेगळाच आहे. वारंवार सांगूनही जो इतरांना मारत राही, त्याला बाहेर काढताना त्याचे पाच डॉलर परत दिले जात, आणि त्यासाठी बँड पाच-पाच डॉलर घातलेली पाकिटे सोबत बाळगत असे. चाहते हा किस्सा हसत सांगतात आणि तो हसण्यासारखा आहेच, पण त्यामागची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. ‘मी पैसे भरले आहेत, मी वाटेल तसा वागेन’ हा प्रेक्षकाचा सर्वांत जुना युक्तिवाद, आणि पाकीट हातात पडताच तो संपतो. तिकीट पन्नास डॉलरचे असते तर हे करणे बँडला परवडले नसते, आणि दारावरच्या लोकांना हुज्जत घालत बसावे लागले असते. स्वस्त तिकिटामुळे बँडला शिस्तीचा अधिकार मिळाला, ही गोष्ट तिकिटाला केवळ गरीब विद्यार्थ्यांची सोय समजणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

बोलण्याची तऱ्हाही एकसुरी नव्हती. मकाय बहुधा अतिशय सभ्यपणे, ‘सर’ म्हणून संबोधत सुरुवात करतात, आणि तो सभ्यपणाच समोरच्याला अधिक झोंबतो. पिचोटो यांची पद्धत खोडकर होती. जेम कोहेन यांच्या १९९९ च्या ‘इन्स्ट्रुमेंट’ या माहितीपटात ते स्टेजसमोर दांडगाई करणाऱ्यांना सांगतात की, मघाशी मी तुम्हाला बाहेर लहान मुलांसारखे आइस्क्रीम खाताना पाहिले आहे. त्या एका वाक्यात सगळी मर्दुमकी विरघळून जाते. याच चित्रपटात फिलाडेल्फियातल्या १९८८ च्या गिगमध्ये पिचोटो बास्केटबॉलच्या कड्यात पाय अडकवून उलटे लटकून गाताना दिसतात. असा माणूस शांततेसाठी प्रवचन देणारा बुवा आहे, असे म्हणणाऱ्याने ते दृश्य अवश्य पाहावे. त्यांना बेभान होणे नको होते असे नाही. स्वतः ते इतके बेभान होत की ध्वनिमुद्रणातसुद्धा धाप ऐकू येते. आपल्या बेभानपणाची किंमत शेजारच्याच्या नाकाने मोजू नये, एवढेच मागणे होते.

संगीताच्या बाजूने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. फुगाझी गाण्यांचा क्रम आधी ठरवत नसत, सेटलिस्ट नावाचा कागदच नसे. स्टेजवर कोणी एक गाणे सुरू करी आणि बाकीचे त्यात शिरत, एका गाण्याच्या शेपटातून दुसरे निघे, मध्येच बास आणि ड्रम एकाच वळणावर फिरत राहत. अशी मुभा घेणाऱ्या बँडला समोरचा प्रेक्षक सतत ऐकत राहावा लागतो, आणि बँडलाही प्रेक्षकाकडे पाहत राहावे लागते. त्यामुळे समोर काही बिघडले तर त्यांना ते दिसणारच, आणि दिसले तर ते थांबणारच. सगळे ठरवून आलेला बँड डोळे मिटून कार्यक्रम पुरा करू शकतो. त्यांचे सर्वांत प्रसिद्ध गाणे, ‘वेटिंग रूम’, शब्द सुरू होण्याआधीच अचानक पूर्ण थांबते आणि मग पुन्हा सुरू होते. त्या रिकाम्या क्षणात लोक ओरडतात, कोणी हसते, कोणी चुकून आधीच उडी मारते. दर मुद्रणात तो क्षण वेगळा ऐकू येतो, आणि ज्यांना थांबण्याचे संगीत इतके नेमके कळते त्यांच्या इतर थांबण्याकडेही मी त्याच कानाने पाहतो.

माझा एक मित्र, ज्याच्यासोबत मी इथल्या गिगना जातो, या सगळ्यावर एकच आक्षेप घेतो आणि तो आक्षेप हलका नाही. त्याच्या मते पंकच्या गिगमध्ये थोडा धोका असावाच लागतो. घरी, कॉलेजात, नोकरीत शहाण्यासारखे वागणाऱ्या मुलाला आठवड्यातून एकदा अंग झोकून देण्याची जागा हवी असते, आणि तिथेही कोणी शिस्त लावू लागले तर त्या जागेत आणि शाळेत फरक काय? तो म्हणतो की पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोर आदळत नाचणाऱ्यांच्या घोळक्यात, कोणी पडला तर दहा हात त्याला उचलतात, हा तिथला अलिखित नियम बँडच्या बोलण्यापेक्षा चांगला चालतो. चांगल्या गिगमध्ये हे खरे असते, मी स्वतः पाहिले आहे. काही मुद्रणांत मकाय खरोखरच कंटाळा आणतात, हेही मान्य करतो. वाद वाढत जातो, गाणे थंड होते, आणि मागे उभ्या असलेल्या शेकडो लोकांचा त्यात काहीच दोष नसतो.

तरीही मी मित्राला एवढेच विचारतो की, ते दहा हात कोणाचे असतात आणि पडण्याची जोखीम मुळात कोण घेऊ शकते. फुगाझीचे ‘सजेशन’ हे गाणे रस्त्यात होणाऱ्या छळाविषयी, बाईच्या तोंडून बोलणारे आहे. ते गाणे पुढच्या पाच रांगांत फक्त धक्के मारणारे पुरुष असताना वाजवायचे, तर त्याला काही अर्थच उरत नाही. त्याच काळात बिकिनी किल या स्त्रीवादी पंक बँडच्या गायिका कॅथलीन हॅना मुलींना पुढे येण्यास आणि मुलांना मागे सरकण्यास सांगत होत्या. त्या बँडची पहिली ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) मकाय यांनीच ध्वनिमुद्रित केली होती. दोघांचा स्वभाव वेगळा, पण प्रश्न एकच होता: स्टेजसमोरची जागा कोणाची? मित्राने यावर अजून मला समाधानकारक उत्तर दिलेले नाही. तो म्हणतो, त्याच्या प्रश्नाला मीही दिलेले नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या दाराने येतो. फुगाझीचा आग्रह होता की गिग सर्व वयांसाठी खुला असावा, म्हणून ते चर्चचे तळघर, शाळेचे सभागृह, समाजमंदिर, फोर्ट रीनोसारखी बाग अशा जागा शोधत. वॉशिंग्टनमध्ये तर अल्पवयीन मुलांच्या हातावर काळी फुली काढून त्यांना आत सोडण्याची युक्ती मकाय यांच्या मायनर थ्रेटच्या आधीच्या बँडने १९८० मध्येच सॅन फ्रान्सिस्कोहून आणली होती. फुली दिसली की बारवाला दारू देणार नाही, पण गाणे ऐकायला आडकाठी नाही. मुंबई-पुण्यात इंडी आणि पंक बँड जिथे वाजवतात त्या बहुतेक जागा बार किंवा पब आहेत, आणि महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. परिणामी सतरा वर्षांचा गिटार वाजवणारा मुलगा आपल्याच शहरातल्या बँडला दारातूनही पाहू शकत नाही. शिवाय जागेचा मालक दारूच्या विक्रीवर गिगचा हिशेब मांडतो, आणि नवी गाणी वाजवणाऱ्या बँडपेक्षा ओळखीची गाणी वाजवणारा बँड त्याला बरा वाटतो. धोबी तलावच्या रंगभवनात रॉकचे कार्यक्रम होत तेव्हा तरुण मुले उघड्यावर बसून ऐकत असत. ते शांतता क्षेत्राच्या नियमांत बंद झाले आणि तशी जागा पुन्हा मिळाली नाही.

मराठी माणसाला मात्र ही कल्पना परकी वाटायला नको. १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जी प्रायोगिक नाटके केली, त्यांची रीत हीच होती: शाळेची जागा, अगदी कमी तिकीट, नट आणि प्रेक्षक यांच्यात हाताचे अंतर, आणि नाटकानंतर जिन्यावर चालणारी भांडणे. कोणीतरी पुण्या-मुंबईतले एखादे शाळेचे सभागृह रविवारी दुपारी भाड्याने घ्यावे, दोन अँप आणि एक ड्रमसेट मांडावा, दारू ठेवू नये, तिकीट वडापाव-चहाच्या खर्चाइतके ठेवावे आणि रात्री दहाच्या कितीतरी आधी सगळे आटोपावे. आवाजाची परवानगी, शेजाऱ्यांची समजूत, शाळेच्या विश्वस्तांचे ‘रॉक’ या शब्दाला बिचकणे, ही कामे किचकट आहेत. पण विश्वस्तांना सांगण्यासारखे बरेच आहे. मकाय स्वतः पुढे एमी फरिना यांच्यासोबत द ईव्हन्स या दोघांच्या बँडमध्ये वाजवू लागले, तेव्हा ग्रंथालयांत आणि समाजमंदिरांत वाजवत, आणि तेही कमी आवाजात.

ज्यांना हे ऐकून पाहायचे आहे त्यांनी पहिला किंवा शेवटचा कार्यक्रम निवडू नये, तिथे इतिहासाचे ओझे जास्त आहे. १९९० ते १९९५ या काळातली अशी एखादी तारीख घ्यावी, जिच्या शहराचे नावसुद्धा आपण धड ऐकलेले नाही, आणि ती हेडफोनवर सलग ऐकावी. मधली बडबड पुढे ढकलू नये. माझ्या मित्राने मात्र बडबड कापून फक्त गाणी ठेवलेल्या फाइल करून घेतल्या आहेत, आणि त्या उत्तम आहेत असे तो प्रत्येक वेळी सांगतो.