रीड लॉक हातात असताना राइट लॉक मागितले, तेव्हा

पार्सलचे दर सांगणारी, जावामध्ये लिहिलेली एक सेवा मी सांभाळतो. पिनकोड आणि वजन दिले की दर मिळतो. दरपत्रक मेमरीतल्या एका मॅपमध्ये (किल्ली दिली की तिची नोंद देणाऱ्या रचनेत) असते, सुमारे दोनशे थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारी कामे) ते सतत वाचतात आणि एक थ्रेड दर दहा मिनिटांनी डेटाबेसमधले बदललेले दर त्यात भरतो. वाचणारे पुष्कळ आणि लिहिणारा क्वचित, अशी स्थिती असल्याने मी ‘रीएन्ट्रंट-रीड-राइट-लॉक’ निवडले: रीड लॉक घेऊन वाचणारे कितीही थ्रेड एकाच वेळी आत राहू शकतात, राइट लॉक मागणाऱ्या लिहिणाऱ्याला मात्र सगळे बाहेर पडेपर्यंत थांबावे लागते आणि तो एकटाच आत जातो. हे बसवायला एक दिवस पुरला, चाचण्याही पार पडल्या. त्यानंतरचे तीन आठवडे ज्यात गेले, त्याची चीड अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आठवड्यातून एकदा-दोनदा सेवा अचानक गप्प होई. सीपीयूचा वापर जवळजवळ शून्यावर येई, मेमरी व्यवस्थित असे, लॉगमध्ये एकही एक्सेप्शन (चूक झाल्याची सूचना) नसे आणि रीस्टार्ट केल्यावर सर्व काही पूर्ववत चाले. रीस्टार्टबरोबर पुरावाही नाहीसा होत होता, त्यामुळे रात्रपाळीच्या सहकाऱ्यांना ‘आधी थ्रेड डम्प (सगळे थ्रेड त्या क्षणी कुठे आहेत, याची नोंद) घ्या, मगच रीस्टार्ट करा’ हे पटवून देण्यातच पहिला आठवडा संपला.

डम्प हाती आला तेव्हा मी सर्वांत आधी त्याचा शेवट पाहिला, कारण डेडलॉक (थ्रेड एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकणे) आढळल्यास जेस्टॅक, म्हणजे डम्प काढणारे जावाचे साधन, तिथे तसे स्पष्ट सांगतो. तिथे काहीही नव्हते आणि त्या मौनावर मी विश्वास ठेवला. डेडलॉक नाही असे गृहीत धरून मी ताज्या दरांच्या थ्रेडमागे लागलो, कारण डम्पमध्ये तो राइट लॉकसाठी ताटकळलेला दिसत होता आणि बाकीचे जवळजवळ सगळे थ्रेड रीड लॉकच्या ओळीवर थांबलेले होते. मी त्याची वेळ बदलली, डेटाबेसची क्वेरी लॉकच्या बाहेर काढली (ते तसेही करायलाच हवे होते), लॉकचा ‘फेअर’ (आधी आलेल्याला आधी) पर्याय सुरू करून पाहिला. सेवा पुन्हा थांबली. लॉक नेमके कोणाकडे आहे, हे पाहण्यासाठी जेस्टॅक सविस्तर पर्यायाने चालवला, तर प्रत्येक थ्रेडखाली येणाऱ्या मालकीच्या यादीत या लॉकचा कुठेही उल्लेख नव्हता. सगळे वाट पाहत आहेत आणि लॉक कोणाकडेच नाही, हे चित्र मी दोन दिवस पुन्हापुन्हा पाहत राहिलो.

त्याचे कारण मला फार उशिरा समजले. राइट लॉकला एकच मालक असतो आणि त्याची नोंद जेस्टॅकला दिसते. रीड लॉक मात्र एकाच वेळी अनेकांकडे असू शकते, म्हणून त्याची मालकी अशी नोंदवली जात नाही आणि त्यात अडकलेले चक्र डेडलॉक म्हणून जाहीर होत नाही. ज्यांच्या सेवेत रीड-राइट लॉक आहे, त्यांनी जेस्टॅकच्या शेवटी काही नाही म्हणून निश्चिंत होऊ नये, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

गाठ सुटली ती एका साध्या ओळीमुळे. या लॉकचे ‘टूस्ट्रिंग’ (त्याचे मजकुरातले वर्णन) त्या क्षणी किती राइट लॉक आणि किती रीड लॉक घेतलेली आहेत, हे सांगते. वेगळ्या थ्रेडवरून दर दहा सेकंदांनी ते लॉगमध्ये लिहायला लावले आणि पुढच्या वेळी सेवा थांबली तेव्हा राइट लॉक शून्य, रीड लॉक एक, असा आकडा मिळाला. म्हणजे कोणीही लिहीत नव्हते, पण एक वाचणारा आत गेला होता आणि बाहेर पडत नव्हता. तेव्हा मी डम्पमध्ये राइट लॉकसाठी थांबलेले सगळे थ्रेड शोधले. ते एक नव्हते, दोन होते. दुसरा एका साध्या विनंतीचा थ्रेड होता. त्याचा स्टॅक, म्हणजे एकातून एक हाक मारलेल्या फंक्शन्सची यादी, खालून वर वाचत गेलो: दर शोधणाऱ्या फंक्शनने रीड लॉक घेतले, दर सापडला नाही म्हणून दुसऱ्या फंक्शनला हाक मारली, त्याने डेटाबेसमधून दर आणला आणि तो साठवणाऱ्या तिसऱ्या फंक्शनने राइट लॉक मागितले. सगळे वाचणारे बाहेर पडण्याची तो वाट पाहत होता आणि आत उरलेला एकमेव वाचणारा तो स्वतः होता.

राइट लॉक हातात असताना रीड लॉक घेता येते, उलट मात्र करता येत नाही, हे जावाच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही माझी तक्रार कायम आहे. चालू थ्रेडने रीड लॉक किती वेळा घेतले आहे, हे या लॉकला माहीत असते, ती संख्या आपल्याला विचारताही येते. मग जी मागणी कधीच पूर्ण होणार नाही, ती आल्यावर लॉकने एक्सेप्शन फेकायला हवे होते, थ्रेडला कायमचे झोपवायला नको होते.

एक थ्रेड अडकल्याने सगळी सेवा का थांबली, याचे उत्तर रांगेच्या नियमात आहे. कूर्त्वा, हेमन्स आणि पार्नास यांनी 1971 मध्ये वाचणारे-लिहिणारे हा प्रश्न मांडला, तेव्हाच त्याची दोन रूपे दिली होती: एकात लिहिणारा थांबलेला आहे म्हणून वाचणाऱ्याला अडवायचे नाही, दुसऱ्यात लिहिणाऱ्याला लवकरात लवकर आत घ्यायचे. जावाच्या या लॉकमध्ये रांगेच्या तोंडाशी लिहिणारा थांबलेला असेल, तर नव्या वाचणाऱ्यालाही त्याच्यामागे उभे केले जाते. लिहिणाऱ्याची उपासमार होऊ नये म्हणून ते योग्यच आहे, पण माझ्याकडे त्या जागी कधीही न हलणारा थ्रेड उभा होता.

दुरुस्ती छोटी होती. दर न सापडल्यास रीड लॉक सोडायचे, डेटाबेसमधून दर आणायचा, मग राइट लॉक घ्यायचे आणि आत गेल्यावर तो दर मॅपमध्ये आहे का, हे पुन्हा पाहायचे, कारण मधल्या वेळात दुसऱ्या थ्रेडने तो भरलेला असू शकतो. ही दुसरी तपासणी गाळू नये. राइट लॉक घेताना वेळेची मर्यादा असलेले ‘ट्रायलॉक’ वापरले असते, तर तीन आठवड्यांचे मौन पहिल्याच दिवशी लॉगमधली एक चूक म्हणून दिसले असते, हेही आता लक्षात येते. लॉक सोडण्याची ओळ ‘फायनली’मध्येच (चूक झाली तरी चालणाऱ्या भागात) असावी, हे बहुतेकांना ठाऊक असते, लॉक घेतलेले असताना आपण हाक मारलेली फंक्शन्स पुढे काय करतात, हे मात्र आम्ही कोणीही रिव्ह्यूमध्ये पाहिले नव्हते.

पुढे मी हे लॉक वाचण्याच्या वाटेवरून काढूनच टाकले. रीड लॉक घेणारा प्रत्येक थ्रेड एकाच सामायिक आकड्यात बदल करतो आणि तो आकडा असलेली कॅशे लाइन (प्रोसेसरच्या जलद मेमरीचा छोटा तुकडा) प्रोसेसरच्या एका कोरकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. मॅपमधून एक दर वाचण्याइतक्या छोट्या कामासाठी हा खर्च मोठा आहे. आता दरपत्रक न बदलणाऱ्या मॅपमध्ये असते. लिहिणारे साध्या लॉकखाली एकामागून एक नवी प्रत बनवतात आणि ‘व्होलटाइल’ (ज्यातला बदल सगळ्या थ्रेडना दिसतो असा) संदर्भ तिच्याकडे वळवतात. वाचणाऱ्याने तो संदर्भ विनंतीच्या सुरुवातीला एकदाच स्थानिक चलात घ्यावा, अन्यथा अर्धा हिशेब जुन्या दरपत्रकावर आणि अर्धा नव्यावर होईल.

मी दोन थ्रेडची टक्कर शोधत राहिलो, पण ही चूक दाखवायला एकच थ्रेड पुरेसा होता. चाचण्यांमध्ये सगळे पिनकोड आधीच भरलेले असत, म्हणून ती वाट कधी चाललीच नव्हती. दरपत्रकात नसलेला पिनकोड मागणारी एक चाचणी मी जुन्या कोडवर चालवली आणि ती पहिल्याच विनंतीला थांबली. दोन सेकंदांची मर्यादा घालून ती चाचणी मी नव्या कोडबरोबरही ठेवली आहे.