जुन्या वस्तीतली सकाळची सायकल फेरी
आज सकाळी गाईडबरोबर जुन्या वस्तीतून सायकल फेरी झाली. गल्ल्या बघायला वेळ हीच. शटरं बंद, मालाचे टेम्पो अजून आलेले नसतात. सज्जे, कोरीव तुळया, दारावर कोरलेलं साल निवांत बघता येतं. पण मान वर करायची ती थांबून, एक पाय जमिनीवर टेकवून. चालत्या सायकलवर नजर रस्त्यावरच हवी.

फरसबंदीवर गच्च हवा भरलेलं टायर उसळतं आणि पकड सुटते, म्हणून हवा थोडी कमी ठेवा. फारच कमी केलीत तर दगडाच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ओल्या दगडावर वळताना पुढचा ब्रेक दाबूच नका. वेग वळणाआधीच कमी करा. ट्रामचे रूळ लागले तर शक्य तितके काटकोनात ओलांडा, तिरके गेलात की चाक खाचेत अडकतं.

गाईडइतकंच महत्त्व सगळ्यात मागे राहणाऱ्या जाणकाराला आहे, कारण वळणावर रांग तुटते ती मागेच. आणि आठ-दहाजणांच्या वर मंडळी नकोतच. अरुंद गल्लीत शेवटच्याला गाईडचा शब्दही ऐकू येत नाही, मग फेरीचा अर्धा आनंद तिथेच जातो.