आमची वाटचाल: हुकाच्या क्रेनपासून फ्लॅटबेडपर्यंत

सोलापुरात अक्कलकोट रोडला वडिलांचं गॅरेज होतं. बंद गाडी तिथवर आणायची म्हणजे जीपच्या मागं दोरखंड, नाहीतर हुकाची क्रेन. पुढची चाकं उचललेली, मागची रस्त्यावर फिरत यायची. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांना ते चालून जायचं.

टोइंगचा वेगळा धंदा सुरू झाला तो हायवेमुळं. पुणे-हैदराबादचा 65 नंबर सोलापुरातून जातो, तुळजापूर आणि विजयपूरला जोडणारा 52 सुद्धा. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट एका फेरीत करणारी कुटुंबं आमच्याकडं बाराही महिने. त्यांच्या गाड्या मात्र बदलत गेल्या. ऑटोमॅटिक गाडी इंजिन बंद ठेवून ओढली आणि इंजिनाच्या जोरावर चालणारी तिची चाकं रस्त्यावर फिरत राहिली, तर गिअरबॉक्सला तेल पोहोचत नाही. बॅटरीच्या गाडीत चाकांबरोबर मोटर फिरते आणि वीज तयार व्हायला लागते. चारही चाकं वर घेतल्याशिवाय इलाज नव्हता. कर्ज काढून फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रक घेतला, ट्रेलर त्यानंतर.

गाडी विंचनं, म्हणजे तार गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रानं, वर चढवणं दहा मिनिटांचं काम. आमचा वेळ जातो बांधण्यात. गिऱ्हाईक उन्हात उभं, "अहो मामा, झालं की, चला ना आता!" पण इथं घाई आम्ही कुणाचीच ऐकत नाही. माल बांधण्याचं युरोपी मानक जोराच्या ब्रेकला वजनाच्या 0.8 पट रेटा पुढं धरतं, बाजूला आणि मागं 0.5 पट. म्हणजे दीड टनाची मोटार बाराशे किलोंनी केबिनकडं झेपावते. हँडब्रेक आणि गिअर तर टाकतोच, चाकांना ठोकळेही लावतो, पण सगळी मदार पट्ट्यांवर.

पट्टे चारही चाकांना, टायरवरून. पूर्वी चॅसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, हुक अडकवून आवळायचे. खड्ड्यात गाडी स्प्रिंगवर दबली की तो पट्टा क्षणभर ढिला पडतो आणि हुक निसटू शकतो. चाक बांधलं की वरची बॉडी हवी तेवढी हलू दे. बंपरमध्ये फिरवून बसवायची कडी ओढण्यापुरती असते, तिला बांधायचं नाही. नवीन पोरांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

बाजारात ‘पाच टनी’ म्हणून मिळणारा रॅचेट पट्टा (दांड्यानं खटखट आवळायचा) वळसा घालून दोन्ही टोकं धरली तरच पाच टनांचा. सरळ बांधला तर अडीच, आणि लेबलावर तसं छापलेलं असतं. लेबल फाटलेला पट्टा आम्ही वापरत नाही. सोलापूरचं ऊन पॉलिस्टरला खातं, म्हणून फेरी झाली की पट्टे पेटीत. पत्र्याच्या धारेवरून पट्टा जात असेल तर खाली जाड रबर. सुतळी-दोरखंडावर मोटार नेणारे अजून दिसतात. त्यांच्या मागं गाडी चालवू नये एवढंच म्हणतो.

ट्रेलरचं गणित आणखी वेगळं. ट्रेलर आणि मोटार मिळून जे वजन होईल, त्याच्या 10 ते 15 टक्के भार ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडणाऱ्या कडीवर यायला हवा. मोटार मागं सरकवून लादली की कडी हलकी होते आणि वेग घेतला की ट्रेलर शेपूट हलवू लागतो. तेव्हा ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा. इंजिनाकडची बाजू सहसा पुढं ठेवतो, मग मोटार इंचाइंचानं मागंपुढं करून बसवतो. कडीखाली दोन साखळ्या एकमेकींवरून तिरक्या बांधलेल्या असतात. कडी सुटलीच तर ट्रेलरचा दांडा रस्त्यावर न आपटता त्यांच्यावर येतो.

निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, हा आमचा नियम. मोहोळकडून येताना ती जागा बहुतेक चहाच्या टपरीसमोरच येते, हे ड्रायव्हर मंडळींनी कसं जमवलं ते मी विचारत नाही.

मालकांना एक विनंती. वर चढवलेल्या गाडीत बसून प्रवास करता येत नाही, कितीही पाऊस असो. केबिनमध्ये दोघांची सोय होते. मुलंबाळं, आजी-आजोबा बरोबर असतील तर फोनवरच सांगा, आम्ही दुसरी गाडी सोबत पाठवतो.